उगम शेजारच्या पानावर

३ जून
साहेबांनी फाईल टेबलावर आपटली. वरच्या वस्तीला छोटा पूल हवाय. कार्यालयाचं उत्तर तयारच — 'नकाशाप्रमाणे तिथे नदी नाही. सबब पुलाची गरज नाही.' धन्य! बर्फ वितळलं की नऊ घरांची माणसं कंबरभर कशात उभी राहतात, देव जाणे.
नकाशा बाबांनीच मोजणी करून काढलेला, चाळीस वर्षांपूर्वीचा. तपासायला मी जाणार.

४ जून
जेवताना बाबांचं तेच पुराण. 'उगमाचं पाणी ओंजळीनं प्यायलोय. संगमापासून एकतीस किलोमीटर, इंचभर इकडे-तिकडे नाही.' आईला पाठ झालंय, ती वाढता वाढता सोबत ओठ हलवते.

९ जून
तीन दिवस संगमापासून चालतेय. खाली ही उपनदी नुसती लोळते, दरीत शिरली की अंगात येतं तिच्या. एकतिसाव्या किलोमीटरला बाबांचा 'उगम' — कातळातून ठिबकणारा झरा. एक गाय प्यायली तर संपेल. आणि शेजारूनच खरी नदी धडधडत खाली येतेय. आणि बाबांना ही दिसली नाही!

१० जून
आणखी चार किलोमीटर वर, वस्तीत. तिथल्या सुइणीनं हात धरून मला पार नेलं. म्हणाली, 'मी लहान असताना एक मोजणीवाला आला होता. आईनं त्याला असंच नेलं. पूल होईल, म्हणाला.' पुढच्याच वर्षी तिची आई इथं वाहून गेली.
म्हणजे बाबा वर आले होते.

१२ जून
विचारलंच. बाबा आधी चिडले, मग पेपरची घडी नीट करत बसले. 'वर नदी नकाशाच्या शेजारच्या पानात जाते. ते पान माझ्या जोडीच्या मोजणीवाल्याच्या, त्या टकल्याच्या सहीचं. उगम शोधायचा मी आणि सही त्याची?'
म्हणून चार किलोमीटर नदी छाटली! टकल्या तर आणखी थोर. त्यानं बसल्या जागी बाबांच्या पानाच्या कडेला आपल्या पानाची कड जुळवली, वर चढलाच नाही.
'दुरुस्ती मी गेल्यावर कर,' बाबा म्हणाले. मी त्यांचा रिकामा कप उचलून आत गेले. बाप आहे शेवटी.

१३ जून
फाईल उघडली. मिटली. स्वतःचीच लाज वाटली.

१४ जून
निघताना बाबा दारापर्यंत आले. 'वर एक बाई होती. हात धरून पार नेलं होतं मला. भेटली का गं?'
'नाही,' म्हटलं. दहा वाजता कार्यालयात नकाशाची दुरुस्ती दिली.