धुतलेल्या जर्सींची कबुली

मी, एनिड सटक्लिफ, कै. वॉल्टर सटक्लिफ यांची पत्नी, वय वर्षे एकोणऐंशी, धंदा धुलाई (आता बंद), राहणार १४, किल्न स्ट्रीट, क्लेफर्थ, यॉर्कशर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. फुफ्फुसे नाहीत, पण त्यांचा इथे संबंध नाही. मला कोणी भरीस घातलेले नाही. उलट निम्मी गल्ली मला आवरायला बघते आहे. याआधीची दोन्ही मृत्युपत्रे रद्द समजावीत. पहिले वॉल्टर गेल्यावर कामाचे उरले नाही आणि दुसरे मी रागाच्या भरात लिहिले होते.

१. या मृत्युपत्राची अंमलबजावणी माझी भाची कॅरोल हिने करावी. तिला रग्बीतले ओ की ठो कळत नाही, म्हणूनच तिला नेमते आहे. बाकी माझ्या ओळखीचा प्रत्येक माणूस कुठल्या ना कुठल्या कोचच्या बाजूचा आहे. कॅरोल, दर मंगळवारी येऊन तू माझ्या पायांना तेल लावलेस, त्याचे पांग माझ्याने फिटणार नाहीत. माझी अंगठी आणि आईचे घड्याळ तुझे.

२. मला रविवारी पुरू नये. आमच्या रग्बी क्लबाचा, रेंजर्सचा, घरचा सामना असला तर चार माणसेसुद्धा यायची नाहीत, आणि जी येतील ती चुळबुळ करतील. नंतर सगळ्यांना चहा, हॅम सँडविच आणि शिजवलेले वाटाणे द्यावेत. वाटाणे कमी पडू देऊ नयेत.

३. स्वयंपाकघरातले टेबल शेजारच्या ब्रेंडा ड्रॅन्सफील्डला द्यावे. वीस वर्षे दर गुरुवारी ती आणि कबुतरे पाळणारा होरस पिकल्स याच टेबलाशी बसून माझा चहा पितात आणि रेंजर्स चालवतात. यंदा क्लब तळाला आहे, ओळीने नऊ सामने हरलाय, आणि ऑगस्टमध्ये कोच सोडून गेला. क्लब आम्हा सभासदांच्याच मालकीचा, त्यामुळे नवा कोच कोण हे २४ तारखेच्या सभेत हात वर करून ठरायचे आहे. गेल्या गुरुवारचे बोलणे इथे मुद्दाम नोंदवते.

"ऑस्ट्रेलियातला माणूस आणा," होरस म्हणाला. "तिथली पोरं चालायच्या आधी टॅकल करून माणूस पाडतात."

"आणि त्याला पगार काय देणार? तुझी कबुतरं?" ब्रेंडा म्हणाली. "कीथ लम आपला आहे. इथेच खेळला, इथेच तीनदा नाक मोडून घेतलं. कोच गेल्यापासून सरावही तोच घेतोय."

"कीथ? हॅ! अगं, त्याला स्वतःची पोरं रांगेत उभी करता येत नाहीत. सरावाला गाडीतच बसून असतो म्हणे."

"तू पाहिलंस?" मी विचारले.

"मी कशाला पाहू? सगळेच म्हणतात."

मी किटली खाली ठेवली. एकतीस वर्षांपूर्वी असे 'सगळे' मी एकटीने तयार केले होते. ते कसे, हे पुढच्या कलमात लिहिते. हे कलम २४ तारखेच्या सभेत मोठ्याने वाचले जावे, मी तेव्हा असो वा नसो.

४. रेंजर्सच्या जर्सी मी चौतीस वर्षे याच घरात धुतल्या. तेव्हा खेळ भर हिवाळ्यात चालायचा. पिशवी उघडली की अर्धे मैदान माझ्या मोरीत यायचे. जर्सी बघून मी सांगायची, कोण अंग झोकून खेळला आणि कोण नुसता फिरून आला. आघाडीच्या फळीतल्याची जर्सी छातीवर कोरडी राहिली की मी त्याला नावानिशी विचारायची, "काय रे, चर्चमध्ये गेला होतास का?" पोरे मला घाबरायची. मला त्याचा गर्व होता, खोटे कशाला बोलू.

१९९२ मध्ये मॉरिस हेलीवेल कोच झाला. इथल्याच खाणीवरचा, मितभाषी. त्या हिवाळ्यात आम्ही अकरा सामने हरलो, आणि माझ्याकडे जर्सी यायच्या त्या जवळजवळ स्वच्छ. ओल्या, पण चिखल नाही. मी काय समजायचे ते समजले. इकडे वॉल्टर खाणीतल्या धुळीने भरलेली छाती घेऊन अंथरुणाला खिळलेला, रात्रंदिवस खोकायचा. माझे डोके आधीच भडकलेले. मैदानावर चहाच्या खिडकीपुढच्या रांगेत मी बोलले, "हेलीवेल पोरांना अंग चोरायला शिकवतोय. जर्सी धुते मी. मला विचारा."

जर्सी धुणारीचा शब्द म्हणजे डॉक्टरचा दाखला. पंधरवड्यात सह्यांचा अर्ज निघाला. चारशे बारा सह्या, पहिली माझी. जानेवारी संपायच्या आत मॉरिसला काढले.

पुढच्या सोमवारी नव्या कोचची पिशवी आली ती मला उचलेना. आत चिखलाचे गोळेच्या गोळे. मी मैदान राखणाऱ्या अ‍ॅमॉसला म्हटले, "हा तर पोरांना पहिल्याच सामन्यात खेळायला लावतोय बघ!"

अ‍ॅमॉस म्हणाला, "चिखल नेहमीच असतो, एनिड. मॉरिस सामना संपला की स्टँडमागे नळी लावून एकेक जर्सी खळबळून काढायचा. थंडीत, उघड्या हातांनी. म्हणायचा, तिच्या घरात आजारी माणूस आहे, तिच्या हातांच्या भेगा पाहिल्यात का?"

मी घरी आले आणि त्या सगळ्या जर्सी धुतल्या. दुसरे काय करणार होते? मार्चमध्ये वॉल्टर गेला. मॉरिस अंत्यविधीला आला, मागच्या बाकावर बसला. मी त्याच्याकडे पाहिले नाही. आणि हे आजपर्यंत एका माणसाला सांगितले नाही. मॉरिसला पुन्हा कोणत्याच क्लबाने बोलावले नाही. पोरांना अंग चोरायला शिकवणारा म्हणून नाव झाले होते ना, माझ्यामुळे. तो छपरे दुरुस्त करत राहिला. घरचा एकही सामना त्याने चुकवला नाही, कोपऱ्यातल्या त्याच पायरीवर एकटा उभा असतो.

क्लेफर्थच्या लोकांनो, तो अंग चोरणारा नव्हता. मी चुकले, आणि चूक कळल्यावर गप्प बसले, ते त्याहून वाईट.

५. माझे जुने दोन टाक्यांचे धुलाई यंत्र होरस पिकल्सला. अट अशी की यापुढे कोणत्याही कोचविरुद्ध तोंड उघडण्याआधी होरसने एका सामन्याच्या सर्व जर्सी त्यात धुवाव्यात. होरस, बाबा, तू मनाने सोन्यासारखा आहेस. बर्फ पडला तेव्हा माझी पायवाट तू न सांगता साफ केलीस, हे मी विसरलेले नाही. पण तुझी जीभ माझ्यावर गेली आहे.

६. माझे घर, १४, किल्न स्ट्रीट, मॉरिस हेलीवेल यांना मिळावे. ही भरपाई नव्हे, ती करता येणार नाही. ते हयात नसतील किंवा त्यांना घेता येत नसेल तर घर क्लबाला मिळावे आणि रेंजर्सचा जो कोच असेल त्याने बायकापोरांसह इथे बिनभाड्याने राहावे. मात्र कोणत्याही कोचला पूर्ण तीन मोसम झाल्याशिवाय या घरातून हलवता येणार नाही. सह्यांचा अर्ज आला तरी नाही.

७. बँकेत जे काही असेल ते मुलींच्या संघाच्या बुटांसाठी. पोरी काय टॅकल करतात! दोनदा पाहिले, दोन्ही वेळा रडले.

देवाने मला मूल दिले नाही, पण चौतीस वर्षे दर हिवाळ्यात पोरांच्या जर्सी वाळत घालायला दिल्या. चांगला नवरा दिला. चांगले शेजारी दिले. माझी तक्रार कोणाविरुद्ध नाही. सगळ्यांची मी ऋणी आहे.

८. हे कलम आजच, सहीपूर्वी, वकीलबाईंच्या समोर वाढवत आहे.

सही करण्याआधी चौथे कलम मॉरिसने वाचावे म्हणून मी त्याला बोलावणे पाठवले होते. सकाळी आला. चष्मा लावून, बोट ठेवून सगळे वाचले. शिव्या दे, उठून जा, काहीही कर, पण लवकर कर, असे वाटत होते.

"मला ठाऊक होतं," तो म्हणाला.

"कधीपासून?"

"त्याच आठवड्यापासून. रांगेत माझा भाऊ तुझ्या मागे उभा होता."

"मग मेल्या, बोलला का नाहीस? नळीचं एवढं एक वाक्य सांगितलं असतंस तर तुझी नोकरी वाचली असती!"

"आणि अख्खं गाव तुझ्यावर उलटलं असतं. वॉल्टरचे शेवटचे दिवस होते, एनिड." मग म्हणाला, "शिवाय अकरा सामने आपण हरलोच होतो. ते काही तू हरली नव्हतीस."

मला रडू आवरेना. वकीलबाईंनी पाणी दिले.

"घर मला नको," मॉरिस म्हणाला. "माझ्या डोक्यावर छप्पर आहे, मीच बसवलेलं. कीथ लम तीन पोरं घेऊन सासूच्या माडीवर राहतोय. त्याला काम द्या, घर द्या, आणि तीन वर्षं गप्प बसा."

"मी लिहिलेलं बदलणार नाही," मी म्हटले. हट्ट माझ्या रक्तातच आहे.

"बदलू नकोस." तो वकीलबाईंकडे वळला. "दुसरा साक्षीदार कोण आहे?"

"ब्रेंडाबाई येणार होत्या, पण त्यांना टेबल मिळतंय. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काहीच मिळू शकत नाही, त्यामुळे दुसरं कुणीतरी शोधायला हवं."

"काहीच नाही? घरसुद्धा?"

"घरसुद्धा नाही, मिस्टर हेलीवेल. तुम्ही सही केलीत की कायद्याने ते तुमच्या हातून गेलं आणि क्लबाकडे आलं."

"मग पेन आणा इकडे," मॉरिस म्हणाला.

चौथे कलम तेवढे काढून टाक, असेही त्याने विनवले. ते मी ऐकले नाही. ते राहील, आणि २४ तारखेला दम पुरला तर मीच उभी राहून वाचेन. मॉरिस, तुझे आभार मानायला मला एकतीस वर्षे लागली. मानते.

वरील सर्व मजकूर मी वाचला, तो माझ्या मनासारखा आहे, आणि दोन्ही साक्षीदारांच्या देखत मी सही करते.

स्थळ: क्लेफर्थ, यॉर्कशर
दिनांक: गुरुवार, १७ ऑक्टोबर २०२४

(सही) एनिड सटक्लिफ

साक्षीदार १
(सही) हेलन ऑकरॉइड
पत्ता: ३, मार्केट रो, क्लेफर्थ
धंदा: वकील

साक्षीदार २
(सही) मॉरिस हेलीवेल
पत्ता: ५१, पिट लेन, क्लेफर्थ
धंदा: कोच, क्लेफर्थ रेंजर्स, १९९२–९३