वरची कॅसेट

अण्णा,

आईला कुठला गेम द्यावा, हे तुम्हाला विचारायचं होतं. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की दुकानातल्या तुमच्या कॅसेटी आता कुठल्याच टीव्हीला लागत नाहीत, तरी असा प्रश्न पडला की आधी तुम्हीच आठवता. खरं तर हा प्रश्न मला पडायलाच नको होता. नोकरी सांभाळून मी दर रविवारी मोबाईलसमोर बसून व्हिडिओ करते आणि कुणी फारसे न खेळलेले, कुणी जाहिरात न केलेले गेम लोकांना मराठीत समजावून सांगते. अनोळखी माणसं मला विचारतात, ताई, सुट्टीत काय खेळू, बहिणीला काय देऊ. त्यांना मी धडाधड उत्तरं देते. घरातल्या एका बाईपुढे मात्र माझी अक्कल चालेना.

हे सगळं तुमच्यामुळेच मागे लागलं, तर थोडं तुम्हीही ऐकून घ्या. देवळाली कॅम्पाच्या बाजारातलं आपलं दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. पडद्याच्या अलीकडे कॅसेटींची फळी, पलीकडे आईचा ओटा. टीव्हीला जोडायचे गेम आणि त्यांच्या कॅसेटी तुम्ही भाड्याने द्यायचात. पोरं यायची ती एकच मागायला, मारामारीची. तुम्ही ती काढून द्यायचात आणि पंचवटीतली भाजीवाली पिशवीत वरून कोथिंबीर टाकते तशी तिच्यावर आणखी एक ठेवायचात, जिला वर्षभरात कुणी हात लावलेला नसायचा. "एक तुमची, एक माझी." वरचीला भाडं नाही, पण नेलीच पाहिजे, नाहीतर खालचीही मिळणार नाही. असला धंदा अख्ख्या बाजारात कुणी करत नव्हतं. समोरचा शिंपी म्हणायचा, शेट, तुम्ही दुकानदार नाही, मास्तर आहात. तुम्हाला ते फार आवडायचं आणि आवडल्याचं तुम्ही दाखवायचा नाहीत.

पलटणीतल्या एका हवालदाराची बायको मुलासाठी गाड्यांच्या शर्यतीची कॅसेट न्यायला आली होती. तुम्ही वर पुलाची ठेवलीत. त्या गेममध्ये काहीच घडायचं नाही. ओढा, काठावर लाकडं, आणि पूल बांधायचा. बांधलेला पूल पडला की पुन्हा बांधायचा. मुलगा नाक मुरडून गेला. परत करायची वेळ झाली तेव्हा बाई एकटीच आली, शर्यतीची दिली आणि पदर सावरत म्हणाली, "भैया, वो पुलवाला और रहने दो. बच्चे को नहीं, मुझे चाहिए." तुम्ही "रहने दो, रहने दो" म्हणालात आणि ती वळल्यावर माझ्याकडे बघून भुवया उडवल्यात. नवऱ्याची बदली होईपर्यंत ती कॅसेट तिच्याकडेच होती.

आणि तुमचं ते बोलणंही विसरलेले नाही. मी दहावीत असेन. एका गिऱ्हाइकानं वरची कॅसेट उलटसुलट करत विचारलं, ही कशी आहे, आणि मी पटकन म्हणाले, बोअर आहे, नुसती झोप येते. जेवायला बसल्यावर म्हणालात, "तुला कंटाळा आला ना? मग तो तुझ्यापुरता. त्याचा निकाल तू कशाला लावतेस? त्याला खेळू दे, मग तो लावेल." आई ओट्याजवळून म्हणाली, "अहो, पोरीला जेवू तरी द्या." मी त्या दिवसापासून कुठल्याही गेमला बोअर म्हटलेलं नाही. रविवारी बोलतानाही तो शब्द तोंडात येतो, मी गिळते.

आता मी लोकांना काय सांगते, ते ऐकाल तर खूश व्हाल. एक गेम आहे, नुसता रुंद नदीवरच्या नावेचा. उतारू बसतात, प्रत्येकाचं काही ना काही गाऱ्हाणं असतं. घाईनं वल्हवलंत तर काठ येतो आणि गोष्ट अर्धी राहते, हळू वल्हवलंत तर पुरी ऐकायला मिळते. दुसरा आहे डोंगरातल्या लहानशा स्टेशनवरच्या सिग्नलवाल्याचा. दिवसाकाठी मोजक्या गाड्या, बाकी वेळ धुकं बघत बसायचं, आणि तरीही गाडी येते तेव्हा छातीत धडधडतं. तिसऱ्यात पडदा पूर्ण काळा असतो. आपण आंधळे, कानाला हेडफोन लावायचे आणि नळाच्या, कुकरच्या, चपलांच्या आवाजावरून आपलं घर शोधायचं. हे गेम एकेकट्या, दोघादोघा माणसांनी वर्षानुवर्षं बसून केलेले असतात आणि बाजारात आल्यावर कुणाला पत्ताही लागत नाही. मला त्याचं खरंच वाईट वाटतं. माझ्या व्हिडिओखाली कुणीतरी लिहितं, ताई, हे खेळतं कोण? मी लिहिते, मी एक आहे, तुम्ही खेळलात की आपण दोघं.

आईचं सांगते. पावसाळ्याच्या तोंडावर तिला अर्धांगवायूचा झटका आला. जीव वाचला, बोलणं शाबूत राहिलं, चालतेही काठी घेऊन, पण डाव्या हातातली ताकद गेली. कॅम्पातली खोली बंद करून मी तिला पंचवटीत माझ्याकडे आणलं. व्यायाम शिकवायला एक मॅडम घरी येतात. त्यांनी स्पष्ट सांगितलं, हात आत्ता वापरला नाही तर उरलंय तेही जाईल, मग मी काही करू शकणार नाही. दाबायला त्यांनी मऊ चेंडू दिला. आईनं तो खिडकीत ठेवला आणि कबुतरांसाठी आहे म्हणाली. हात मांडीवर ठेवून दिवसभर बसायची, पाहुण्याचं सामान सांभाळल्यासारखी. मला भीती वाटत होती, अण्णा. नुसत्या हाताची नाही. तिनं मनातून हात सोडून दिलाय, उद्या बाकीचंही सोडेल, अशी भीती.

मग मला वाटलं, गेमचा रिमोट दोन्ही हातांनी धरावा लागतो, मी इतक्या लोकांना इतके गेम सुचवते, तर आईला का नाही? सटाण्याच्या शेतकऱ्याची लेक म्हणून मी तिच्यासाठी खास एक शेतीचा गेम शोधला, रोपं लावायची, पाणी द्यायचं, शांत संगीत. तिनं पडद्याकडे बघितलं. संताप झाला की ती अजूनही माहेरच्या बोलीवर जाते. "हाई काय शे?" म्हणाली, म्हणजे हे काय आहे, आणि मग मला नीट कळावं म्हणून आपल्या घरच्या मराठीत, "उन्हातान्हात कांदे लावायला लागू नयेत म्हणून तुझ्या बापाशी लग्न केलं. आता टीव्हीत लावू?" मी नावेचा लावला. "लोकांची गाऱ्हाणी मी काय कमी ऐकली?" सिग्नलवाल्याचा लावला. तेव्हा मात्र आवाज न चढवता म्हणाली, "वाट बघायचा खेळ? तेच करतेय की मी दिवसभर." मी टीव्ही बंद केला आणि स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी विसळत बसले.

तुम्ही आठवलात ते तेव्हा. तुमचं ते "एक तुमची, एक माझी" मी गेली कित्येक वर्षं वाटेल त्याला सांगते, पण त्यातली पहिली कॅसेट गिऱ्हाइकाची असायची, हे माझ्या डोक्यातून साफ निसटलं होतं. मी आईपुढे एकामागून एक माझ्याच ठेवत होते. नुसती कोथिंबीर घेऊन कोण घरी जाईल? हात पुसले, बाहेर आले आणि विचारलं, "आई, तुला कुठला हवाय?"

मला वाटलं, काही नको म्हणेल. ती म्हणाली, "तो मारामारीचा."

"कुठला मारामारीचा?"

"तुझ्या बापाच्या दुकानात पोरं ज्यासाठी धिंगाणा घालायची तो. माझी अर्धी जिंदगी त्या ढिशुम ढिशुममध्ये पोळ्या लाटण्यात गेली. असं काय होतं त्यात, ते बघू दे एकदा."

"अगं, पण तो सगळ्यांनी खेळलाय."

"मी नाय खेळले," आई म्हणाली.

अण्णा, तुम्ही अख्ख्या कॅम्पाला कॅसेटी वाटल्यात, हवालदाराच्या बायकोला काय हवंय ते ओळखलंत, आणि पडद्यापलीकडे आईच्या हातात रिमोट काही कधी दिला नाहीत. मी रागावून सांगत नाही. खरं म्हणजे थोडं रागावूनच सांगते. मीही तुमच्याच वाणाची, मलाही सुचलं नव्हतं.

तो गेम आता नव्या रूपात मिळतो, शोधायला दोन मिनिटंही लागली नाहीत, आणि हे सांगायला माझी मलाच लाज वाटली. पहिल्या दिवशी आईचा माणूस कोपऱ्यात उभा राहून नुसता मार खात होता. "हा मेला हलत का नाही?" मी म्हटलं, तो डाव्या अंगठ्यानं हलतो. तिनं स्वतःच्या अंगठ्याकडे बराच वेळ बघितलं. मग उजव्या हातानं तो उचलून जागेवर नेऊन ठेवला. सरकायचा, ती पुन्हा ठेवायची. त्या आठवड्यात तिनं समोरच्या पैलवानाला अशा शिव्या घातल्या की मॅडमनी चप्पल घालता घालता थांबून ऐकल्या. दोन पावलं पुढे, एक मागे, असं करत तिचा माणूस कोपऱ्यातून निघाला. मॅडमनी हात तपासला आणि म्हणाल्या, चेंडू राहू द्या, हेच चालू ठेवा. परवा तर तिनं आपणहून विचारलं, "तुझा तो नावेचा कुठंय?" आता दुपारी ती नाव वल्हवते, अगदी हळू, आणि मला हाक मारून सांगते की पागोट्यातला म्हातारा सरळ सरळ खोटं बोलतोय. मी तो गेम दोनदा पुरा केलाय, माझ्या काही हे लक्षात आलं नव्हतं.

हे मी मोबाईलवर लिहितेय आणि पाठवायला तुमचा नंबर नाही. तुम्ही होतात तेव्हा आपल्याकडे फोनच नव्हता. तेव्हा हे इथेच राहील. तरी एक सांगून ठेवते. काल मारामारीत आईनं मला हरवलं. मॅडमना, शेजारच्या काकूंना, सगळ्यांना मी सांगितलं की तिला बरं वाटावं म्हणून मुद्दाम हरले. दर रविवारी लोकांना गेम शिकवणारी बाई, काय सांगणार? तुम्हाला म्हणून सांगते, मी मुद्दाम हरले नव्हते. जिंकायला बसले होते, सगळा जोर लावला होता, आणि तिचा डावा अंगठा मला आवरला नाही.