शेगडीवर आळ

९ डिसेंबर

शेगडी! माझ्या आईनं, स्वतःच्या हातानं, दार-खिडक्या लावून माझ्या बाळंतिणीच्या खाटेखाली कोळशाची शेगडी ठेवली. आणि आज पोर पिवळीधमक. घोडेगावातून थेट नगरला आणलं. डॉक्टरीणबाईंनी तिच्या नाकाशी बारीक नळी धरली — मशीन म्हणे श्वासातला कार्बन मोनॉक्साइड मोजतं. अंगातलं रक्त फुटायला लागलं की तो वाढतो, कोळशाच्या धुरानंही वाढतो. आकडा फार जास्त! "घरात धूर, कोळसा काही?" बाईंनी विचारलं. सुनील लगेच, "सासूबाईंनी शेगडी ठेवली होती."

नवऱ्याचे शब्द ऐकले आणि मी आईवर तुटून पडले. सगळ्या वॉर्डासमोर. "विष दिलंस माझ्या लेकीला!" तिनं पिशवी उचलली, एसटीनं गेली. जाऊ दे!

१० डिसेंबर

निळ्या दिव्याखाली निजलीय. डोळ्यांवर पट्टी. दूध ओढत नाही.

११ डिसेंबर

आकडा उतरलाच नाही. बाई म्हणाल्या, "शेगडीचा असता तर इथल्या हवेत कालच उतरला असता. हा तिच्या आतून येतोय." माझं रक्त निगेटिव्ह, तिचं पॉझिटिव्ह. पहिला गर्भ पडला तेव्हापासून माझं रक्त असल्या रक्तावर उठलंय, आता लेकीचं फोडतंय. "तेव्हा लगेच इंजेक्शन घ्यायचं असतं. घेतलंत ना?"

घेतलंय की! नऊ महिने प्रत्येक डॉक्टरला छातीठोक तेच सांगत आले. गर्भ पडला तेव्हा सुनीलनंच मला गावच्या दवाखान्यात नेऊन टोचून आणलं होतं — "हेच ते निगेटिव्हवाल्यांचं." मी त्याच्याकडे बघितलं. फरशीकडे बघत त्यानं कबूल केलं.

ताकदीचं होतं ते. ताकदीचं! खरं इंजेक्शन नगरलाच मिळायचं, पण तेव्हा घरात त्याच्या बहिणीची हळद, नगरला कोण नेणार? केसानं गळा कापला माझा. आणि परवा शेगडीकडे बोट दाखवताना जीभ कशी नाही अडखळली मेल्याची!

१२ डिसेंबर

पोरीचं रक्त बदललं. तग धरलाय. सुनीलला आत येऊ देत नाही. आईला फोन केला, खूप रडले — चुकले गं. "येते," एवढंच म्हणाली.

१४ डिसेंबर

पिवळेपणा उतरला. आईनं पोरीला मांडीवर घेतलं. मी पाया पडायला वाकले तर तिनं पाय मागं घेतले.

"नगं पडू. तुजा गर्भ पडला तवा जावयबापूंनी मला फोन केल्ता, इंजेक्शनला नगरला नेऊ का म्हनून. म्याच म्हनलं — लग्नघर हाय, बोभाटा नको. तिला काय कळू देऊ नका."

मी तिच्या मांडीवरून पोर काढून घेतली. आई आणि सुनील, दोघंही बाहेरच्या बाकावर बसलेत.