टोपलीतल्या सह्या

अहो,

मी बँकेत जाऊन येते. लेकीकडे कायमचं जायचं तर इथलं खातं बंद करायला हवं, आणि तुमची सही जुळत नाही म्हणून फॉर्म तिसऱ्यांदा परत आलाय. हात थरथरतो तर अंगठा चालेल, असं बँकेतले साहेब म्हणे. त्या साहेबांना मी चांगलंच सुनावलं होतं. चाळीस वर्षं शाळेच्या दाखल्यांवर ज्यांची सही चालली, त्यांचा अंगठा घेणार?

पण आज केराची टोपली उपडी केली, तर तुमच्या सह्यांचे नऊ कागद निघाले, पाठपोट भरलेले. आता पुरे करा हो. मी अंगठ्याला होकार देऊन येते. बोटाची शाई मीच पुसेन, लेकीला कळणारही नाही.

त्यातली एक सही अगदी पूर्वीसारखी आलीय. तेवढा कागद मी माझ्या पासपोर्टमध्ये ठेवलाय.