दाव्याचा रुपया

डोळखांब, ता. शहापूर
२२ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. शीतल,

अनेक आशीर्वाद. इकडे सगळे बरे आहेत. तिकडे आई, जीवन आणि तूही बरे असालच. तू सून म्हणून आल्यापासून माझ्या माहेरात काही बिघडायला तू जागाच ठेवलेली नाहीस.

पत्र बघून हसशील. नणंदेला फोन सोडून कागद कुठून सुचला? पण आपल्या फोनची तऱ्हा तुला माहीत आहे. मी आईला लावायचा, तू उचलायचा, तू स्पीकरवर टाकायचा आणि माझ्या आईशी मी तुझ्यासमोर बोलायचं. म्हणून कागद.

वाल निघाले. आईच्या बिरड्यापुरते बाजूला काढून ठेवलेत. आंब्याला मोहोर बरा आहे, टिकला तर खरा. चांदी, आमची कपाळावर पांढरा टिळा असलेली पारडी, अजून गोठ्यातच आहे. तिचं पुढे लिहिते.

आधी म्हशाच्या जत्रेचं. मी माहेरी आले होते जत्रा बघायला, पण आईने येईल त्या पाहुण्याला तुझीच जत्रा दाखवली. "आमच्या शीतलने जुनी कडबाकुट्टीची मशीन फोनवर जाहिरात टाकून विकली. आमच्या शीतलने माझ्यासाठी खुर्चीचा संडास करून घेतला, आता गुडघं दुखत नाय." आमच्या शीतलने, आमच्या शीतलने! पोटची मुलगी आत चुलीपुढे भाकऱ्या थापतेय, तिचं नाव निघालं ते "सारिका, अजून दोन टाक गो" म्हणायला. मला राग आला. राग कसला, जळले मी. लिहायला बसलेच आहे तर खरा शब्द लिहिते.

ओटीवर शेजारची गीताबाई आणि बाकीच्या बायका तुझ्याभोवती बसल्या होत्या आणि तू त्यांना जाहिरातीवरचे चोर कसे ओळखायचे ते सांगत होतीस. "वस्तू न बघता, भाव न करता जो हो म्हनतो ना, तो गिऱ्हाईक नाय. मी मिलिटरीत आहे, यायला जमत नाय, मानूस पाठवतो, असं सांगून वर्दीतला फोटो टाकतो, तो पन नाय. आनि पैसे घ्यायला पिन लागत नाय गो बायांनो. पिन टाकला की पैसे आपलेच जातात." बायका माना डोलवत होत्या. मी भाकरी अशी थापली की परात वाजली. आई ओरडली, "हळू गो सारिका, शीतलचं ऐकू येत नाय!"

निघताना मी आईला म्हटलं, शिमग्याला माझ्याकडे चल, महिनाभर राहा. आई म्हणाली, "येन गो, पन तुझ्याकडं बसायला जमत नाय मला." खोटं नव्हतं ते. आमच्याकडे अजून खाली बसायचाच संडास आहे. पण एसटीत बसल्यापासून माझ्या डोक्यात एकच घुमत राहिलं. आईला माझ्या घरी यायचं तर तुझ्या घरासारखं घर लागतं.

मग ठरवलं की आपणही करायचा. तुझ्यापेक्षा चांगला, तुझ्याहून भारी फरशी लावून, भिंतीला धरायला दांडी बसवून. भाताचे थोडे पैसे खात्यात होते, बाकीचे चांदीला विकून येणार होते. हे म्हणाले, "शीतलला फोन कर, ती टाकून देल जाहिरात." मी म्हटलं, मला काय हात नाहीत? चांदीला धुतलं, शिंगांना तेल लावलं, फोटो काढला आणि जाहिरात माझी मी टाकली.

संध्याकाळीच फोन आला. हिंदी बोलणारा, दीदी दीदी करणारा. मिलिटरीत आहे म्हणाला, कल्याणजवळच्या गावात वडिलांना पारडी हवी आहे, टेम्पो पाठवतो. भाव केलाच नाही. आपले आबा जन्मभर म्हशाच्या बाजारात जनावरं विकत आले. भाव न करणारं गिऱ्हाईक दिसलं की ते पाठ फिरवून तंबाखू मळायला लागायचे. त्यांची लेक मी, लहानपणापासून बघितलंय ते. पण मला काय वाटलं सांगू? शीतलच्या कडबाकुट्टीचा भाव लोकांनी पाडून पाडून मागितला आणि माझी चांदी एका शब्दात गेली. बघा म्हणावं.

मग तो म्हणाला, "दीदी, पहले एक रुपया भेजो, फिर मैं पूरा पैसा डालता हूँ." तुझ्या सासरची रीत तू बघितली आहेस. आबा जनावर विकलं की गिऱ्हाईकाच्या हातात दावं द्यायचे आणि दाव्यावर एक रुपया ठेवायचे, लक्ष्मी गोठ्यातून रिकाम्या हाताने जाऊ नये म्हणून. मला वाटलं, अगं बाई, हा तर आपल्यातलाच निघाला, दाव्याचा रुपया मागतोय! मला आबा आठवले, डोळ्यांत पाणी आलं. रुपया पाठवला. त्याने लगेच दोन परत पाठवले. दाव्याचा रुपया कुणी परत करत नाही, हे मला तेव्हा सुचायला हवं होतं.

मग ह्यांच्या फोनवर त्याने स्कॅन करायचं चित्र पाठवलं. माझ्या फोनने ते स्कॅन कर आणि पिन टाक, पैसे जमा होतील, म्हणाला.

आता जे लिहिते ते ह्यांनाही सांगितलेलं नाही. पिन टाकताना मला तुझा आवाज आला. परात कितीही वाजवली तरी मी तुझा शब्द न् शब्द ऐकला होता. पैसे घ्यायला पिन लागत नाय गो. बोट थांबलं माझं. आणि मनात आलं, आता माझ्या घरात, माझ्या ओटीवरही हिचंच ऐकायचं का? दुसऱ्या कुणाचा आवाज असता तर मी थांबले असते. तुझा होता म्हणून मी बटण दाबलं.

खातं रिकामं झालं. टेम्पो आला नाही. चांदी आपली रवंथ करत उभी.

ह्यांनी विचारलं तेव्हा माझ्या तोंडून निघालं, "शीतलनेच सांगितलं होतं असं करायला." पुढचं तू भोगलंस. ह्यांनी जीवनला फोन केला, जीवन तुझ्यावर ओरडला, आईने तुझ्याशी बोलणं टाकलं. ताई खोटं बोलते, असं तू म्हणशील म्हणून मी वाट बघत होते. भांडायची तयारी करून बसले होते. आणि तू जीवनला म्हणालीस, "माझंच नीट सांगायचं राहिलं असंल." वर माझ्याकडून सगळी माहिती घेऊन सायबर पोलिसांकडे तक्रारही तूच नोंदवलीस.

का भांडली नाहीस गं? भांडली असतीस तर आपण बरोबरीच्या झालो असतो. तू गप्प राहिलीस आणि त्यातही माझ्या वर गेलीस.

आता आई गीताबाईकडे जाऊन तिच्याकडून नंबर लावून घेते आणि मला फोन करते. "माझी लेक भोळी, तिला फसवलं," म्हणते. तुझं नाव घेत नाही. इतकी वर्षं मला हेच हवं होतं, शीतल. आणि आता फोन वाजला की मी उठून गोठ्यात जाते.

तर एक काम कर. हे पत्र आईला वाचून दाखव, तुझ्याच तोंडाने. ऐकत नाही म्हणाली तर माझं नाव सांग, बसेल. पहिल्या ओळीपासून वाच. पिनचं वाच, मी खोटं बोलले ते वाच, जळले तेही वाच. तू गाळशील, मी ओळखते तुला. गाळू नकोस.

चांदी विकायची आहेच. या वेळी जाहिरात तू टाक. भाव मी करेन, गोठ्यात उभी राहून, गिऱ्हाईकाच्या तोंडासमोर, आणि दाव्यावरचा रुपया माझ्या हाताने त्याच्या हातात ठेवीन. फरशी कसली लावायची ते तू ठरव. मला सांगायला जड जातंय, पण तुझीच चांगली आहे.

पत्र पोचलं की आईचा फोन येईल. तिने शिव्या घातल्या तर समजेन, तू सगळं वाचलंस. गोड बोलली तर समजेन, तू मला पुन्हा एकदा वाचवलंस. आणि मग मात्र मी तुला कधी माफ करणार नाही.

शिव्यांची वाट बघत,
तुझी नणंद
सारिका