पहिलं मशीन कोणी चालवलं, या प्रश्नाबाबत

सातारा, मंगळवार

तीर्थरूप दाजी,

नानासोनं तुमच्या पायांवर डोकं ठेवलंय असं समजावं. (डोकं सध्या तापलेलं आहे, तेव्हा पाय जपून.) तुमचा गुडघा कसा आहे? आणि अक्काची साखर? ती साखर सोडली म्हणून सांगते आणि गूळ खाते, हे तिच्या पाठीमागं मला लिहावं लागतंय, क्षमा असावी. म्हैसाळच्या कालव्याचं पाणी तुमच्या शिवारापर्यंत आलं का, मेंढरं कुठवर गेली आहेत, तेही कळवा. इकडं मंगलचं बरं चाललंय. माझं बरं चाललेलं नाही.

फोन का केला नाही म्हणाल, तर तुम्ही तीस वर्षं हेडमास्तरकी केलेली. मी तावातावानं बोलायला लागलो की तुम्ही मधेच माझं व्याकरण सुधारता आणि रागाची धार जाते. व्हॉट्सअ‍ॅपवर लिहावं, तर आमच्या घरच्या ग्रुपवरचं अक्षर न् अक्षर तुमच्याआधी आमच्या कारखान्यातल्या, पत्रे दाबणाऱ्या प्रेस शॉपला पोचतं. म्हणून हे पत्र. दोन बैठकांत वाचा, पण पूर्ण वाचा.

आमच्या कंपनीत दोन महिन्यांपूर्वी समीक्षा मॅडम नावाच्या नव्या एचआर आल्या. बाई हुशार, बोलायला गोड, आणि वय आमच्या स्टोअरमधल्या वजनकाट्यापेक्षा कमी. त्यांनी काढलं की पाच आठवडे, दर गुरुवारी एक, अशा पाच क्विझ घ्यायच्या. सुरक्षा, प्रथमोपचार, गुणवत्ता, कंपनीचा इतिहास आणि सामान्य ज्ञान. प्रत्येकानं आपल्या मोबाइलवर उत्तरं द्यायची, आणि पाची क्विझचे गुण मिळून एकच बोर्ड, तो कॅन्टीनच्या टीव्हीवर दिवसभर चालू. कोणता विभाग कितव्या नंबरावर, ते जेवता जेवता सगळ्यांना दिसणार. बक्षीस काय, तर जिंकणाऱ्या विभागाला वर्षभर कॅन्टीनच्या रांगेत पहिला मान. ऐकायला हे किरकोळ वाटेल. पण आमच्या कॅन्टीनला पहिल्या पंधरा मिनिटांत भाकरी गरम असते आणि आमटीत डाळ असते. त्यानंतर भाकरी असते आणि आमटी असते.

या सगळ्याचा संयोजक म्हणून मला नेमलं. का, तर गणपतीत माइकवर मी बोलतो. (मला आनंद झाला होता, हे तुमच्यापासून लपवत नाही. मंगलनं माझा निळा सदरा इस्त्रीला दिला.)

पहिल्याच गुरुवारी घात झाला. मोबाइलवर आपलं नाव स्वतःच टाकायचं होतं. मी आपला समजत होतो की माणसाला नाव विचारलं की माणूस नाव सांगतो. तासाभरानं टीव्हीवर बघतो तर अकरा जणांचं नाव वाघ, चौघांचं किंग, आणि सगळ्यात वर, शंभरपैकी शंभर गुण घेऊन, 'सायबाचा जावई'. आता आमच्या प्रॉडक्शनच्या साहेबांना एकच मुलगी, तिचं अजून ठरायचंय. साहेब टीव्हीखाली ताट घेऊन उभे राहिले, जेवले नाहीत. मग मला केबिनमध्ये बोलावून विचारलं, हा कोण? मी काय सांगू? मी त्यांच्या घरची सोयरीक जमवायला बसलोय का? पुढच्या वेळेपासून नावाऐवजी कामगार नंबर टाकायचा असं ठरलं. पण आधीचे गुण कुणाचे, हे ठरवताना अकराचे अकरा वाघ माझ्याकडं आले आणि प्रत्येकजण म्हणाला की सगळ्यात जास्त गुणांचा वाघ तो मीच.

दुसऱ्या क्विझला जो लवकर उत्तर देईल त्याला जास्त गुण, असं त्या यंत्रणेतच होतं. झालं, ऑफिसवाले पुढं आणि प्रेस शॉप तळाला. प्रेस शॉपचा फोरमन जयराज तुम्हाला ठाऊक आहे, आपल्या सोनियाच्या लग्नात पंगतीला बुंदी वाढत होता तो. एकोणीस वर्षं आम्ही दोघं एकाच डब्यात जेवतो, कॅन्टीनच्या भाकरीला त्याच्या घरचं कालवण. तो म्हणाला, "गड्या, आमची बोटं बघ की. दिवसभर पत्रा धरून ह्यास्नी घट्टे पडल्यात. स्क्रीनला कळतच न्हाई मी दाबतोय ते." मला पटलं. मी वेळेचे गुण काढून टाकले. परिणाम असा, की त्रेचाळीस माणसं पहिल्या नंबरावर आली. टीव्हीवर नुसता एक, एक, एक असा आकडा वरून खाली, आणि दुसरा नंबर बघायला पाच मिनिटं थांबायला लागायचं. त्रेचाळीस घरांत त्या दिवशी पेढे गेले असतील, आणि त्याचं खापर माझ्यावर.

तिसरीचं ऐका. आमच्या तीन पाळ्या. क्विझ एकच, पण पहिल्या पाळीला सकाळी, दुसरीला दुपारी, तिसरीला रात्री. मी भोळा. सकाळची माणसं घरी गेली की दुपारच्या माणसांना कोरेगावकडून येणाऱ्या बसमध्ये सगळी उत्तरं कळतात, हे मला दुसऱ्या क्विझनंतर समजलं, म्हणजे दुसरी पाळी एकदम सर्वज्ञ झालेली दिसली तेव्हा. माझा संताप झाला, दाजी. तुमच्या शाळेत कॉपी केलेल्या पोराला तुम्ही दिवसभर वर्गाबाहेर उभं करायचा, मी पन्नास वर्षांच्या बाप्यांना कुठं उभं करू? तिसऱ्या गुरुवारी मी मॅडमना न सांगता दुपारच्या क्विझमध्ये पर्यायांचा क्रम बदलला. प्रश्न तेच, फक्त अ चा क केला आणि ब चा ड. तर ही मंडळी प्रश्न वाचतच नव्हती हो! बसमध्ये नुसती अक्षरं पाठ करून आली होती. अख्ख्या दुसऱ्या पाळीनं एका सुरात सांगितलं की तपासणीत नापास झालेला माल गिऱ्हाइकाला आधी पाठवावा. आणि त्याच दिवशी, दाजी, त्याच दिवशी, आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक पुण्याहून तपासणीला आलेलं. तीन माणसं, गळ्यात ओळखपत्रं, टीव्हीच्या बरोबर समोर जेवायला बसलेली. आणि वर मोठ्या अक्षरात: गुणवत्ता, दुसरी पाळी, शून्य. त्यातला एकजण चष्मा पुसून पुन्हा वाचायला लागला.

मला लेखी खुलासा द्यावा लागला. कॉपी करणारे घरी जाऊन झोपले, खुलासा मी दिला. दुनियेचा न्याय बघा.

पण खरा कडेलोट चौथीला झाला आणि त्यासाठीच हे पत्र आहे. कंपनीचा इतिहास. मॅडमनी मला एक गुळगुळीत पुस्तिका दिली, तिच्यावरून प्रश्न काढायचे. त्यात लिहिलेलं की कंपनीतलं पहिलं मशीन मालकांच्या वडिलांनी स्वतःच्या हातानं चालवलं. आता दाजी, त्या दिवशी मी तिथं होतो. बावीस वर्षांचा होतो, झाडू हातात होता. मशीन चालवलं ते आपल्या ज्ञानूनं. जतकडचा ज्ञानू, मेंढरं सोडून साताऱ्याला आलेला. आता एकोणसाठ वर्षांचा आहे, पाठ गेली तसा त्याला गेटवर बसवलाय. मी काय केलं, तर चार पर्यायांत गंमत म्हणून, खरं म्हणजे मान म्हणून, ज्ञानूचं नाव घातलं. पण बरोबर उत्तर पुस्तिकेतलंच ठेवलं. झालं ते असं: प्रेस शॉपच्या झाडून सगळ्या जुन्या माणसांनी ज्ञानूचं नाव दाबलं आणि सगळ्यांचे गुण गेले.

जयराज डबा न उघडताच माझ्यापुढं उभा राहिला. "नाना, तू सोता हुतास तितं. व्हय का न्हाई?"

मी म्हणालो, "होतो. पण पुस्तिकेत जे आहे तेच उत्तर."

"मग पुस्तिकेसंगंच जेव," असं म्हणून तो डबा घेऊन दुसऱ्या टेबलावर गेला. एकोणीस वर्षं, दाजी! त्या दिवशी मी कॅन्टीनची भाकरी पाण्याबरोबर गिळली.

आणि ज्यानं ते मशीन चालवलं, त्या ज्ञानूनं काय उत्तर दिलं असेल? मालकांचे वडील! त्यानंही, आणि त्याला विचारून गेटच्या बाकी पाचजणांनीही. सहाच्या सहा बरोबर, त्यामुळं सरासरीत गेट एकदम पहिल्या नंबरावर. मी पळत गेटवर गेलो. म्हणालो, ज्ञानूदा, अहो, स्वतःचं नाव समोर असताना? तो शांतपणे ट्रकचा नंबर वहीत उतरवत म्हणाला, "आरं, मशीन कुणी चालीवलं त्ये मला म्हाईत हाय की. पन मार्क कशाला मिळत्यात, त्ये बी म्हाईत हाय." मग वही मिटून म्हणाला, "आमी गेट सोडून जेवाय येतो तवा भांडी घासाय घेतल्याली असत्यात, नानासो. एक वरीस तरी गरम खाऊ द्या."

मी आल्या पावली स्टोअरला परतलो.

पाचवी क्विझ बिनबोभाट पार पडली (पर्यायांचा क्रम मी तिन्ही पाळ्यांना वेगवेगळा ठेवला, आणि झक मारून लोकांनी प्रश्न वाचले). गेट पहिलं, प्रेस शॉप अगदी जवळ दुसरं. दोन आठवड्यांपूर्वी शनिवारी दुपारी मालकांच्या हस्ते बक्षिसाची ढाल. मंडप, टीव्ही बाहेर आणलेला, माइक माझ्या हातात. गेटची सहा माणसं पहिल्या रांगेत. ज्ञानूनं टोपी धुऊन आणलेली, मिशीला हलकंसं तेल. मॅडमनी मला वाचायला कागद दिला होता. मी त्याचं नाव पुकारलं, तो उठला, स्टेजच्या पायऱ्या चढायला लागला, आणि मी कागदावरचं पुढचं वाक्य बघितलं: 'कंपनीच्या इतिहासाच्या फेरीत ज्यातल्या सर्वांनी अचूक उत्तर दिलं असा एकमेव विभाग.' समोर जयराज हाताची घडी घालून माझ्याकडं बघत होता. अचूक हा शब्द माझ्या तोंडातून निघेना. दाजी, मी आयुष्यभर स्टोअर सांभाळलं, बोल्ट एक कमी असेल तर कमी लिहिलं. मी म्हणालो, "एक चूक झाली आहे. पहिलं मशीन या माणसानं चालवलं. मी डोळ्यानं पाहिलंय."

मॅडमचा चेहरा पांढरा. मालक सत्तरीचे आहेत, ते खुर्चीतून सावकाश उठले आणि हसायलाच लागले. म्हणाले, "बरोबर आहे. आमचे वडील मशीनच्या दहा फूट लांब उभे होते. आवाजानं त्यांना धडकी भरायची. ज्ञानूनंच चालवलं." टाळ्यांचा कडकडाट झाला. प्रेस शॉप तर बाकांवर उभं राहिलं. मालकांनी ज्ञानूला हात केला, ये वर. माझ्या डोळ्यांत पाणी, खोटं सांगत नाही.

आणि त्याच वेळी समीक्षा मॅडमनी, बाई प्रामाणिक हो, लगेच लॅपटॉपवर बरोबर उत्तर बदललं.

बोर्ड हलला. सगळ्यांच्या देखत. ज्ञानूचं नाव घेणाऱ्या प्रेस शॉपला गुण मिळाले, ज्ञानूच्या विभागाचे गेले, कारण ज्ञानूनं ज्ञानूचं नाव घेतलं नव्हतं. गेट पहिल्यावरून दुसऱ्यावर. आणि ज्ञानू? शेवटून दुसऱ्या पायरीवर, एक पाय वर, एक पाय खाली. त्यानं टीव्हीकडं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं. मालकांनी त्याच्या गळ्यात हार घातला, तो त्यानं घालून घेतला. ढाल जयराजनं नेली.

आता तुम्हीच न्याय करा. मी खरं बोललो की नाही? मग मलाच का भोगायचं? जयराज परत माझ्या टेबलाला आला आहे, वर आता रांगेत पहिला उभा राहून गरम भाकरी आणतो, आणि मला ती घशाखाली उतरत नाही. ज्ञानू माझ्याशी बोलत नाही. गेटवर बसल्यापासून ज्यानं कधी माझी पिशवी उघडायला सांगितली नाही, तो रोज सुटताना माझा न्याहारीचा डबा उघडून, झाकण फिरवून, रबर काढून तपासतो. मागं पन्नास माणसं खोळंबतात. काल मी म्हणालो, ज्ञानूदा, अहो हार तर मिळाला. तर म्हणतो, "हार चावून बगितला. कडू लागतो."

म्हणून मी ठरवलंय. या क्विझशी, बोर्डाशी आणि माइकशी माझा संबंध संपला. कुणी सोन्याची ढाल दिली तरी नाही. अक्काला नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुमचाच,
नानासो

ता. क. मॅडमनी पुढच्या महिन्यात पुन्हा पाच क्विझ जाहीर केल्या आहेत. यंदाचा मान सहा महिन्यांवर आणलाय, पुढचे सहा महिने नव्या विजेत्याला. मी संयोजकपद घेतलं. न घेतलं असतं तर पेंट शॉपच्या एकाला गेलं असतं, आणि त्याचा आवाज माइकवर फाटतो.

दुसरा ता. क. विषय ठरवताना मी 'पशुपालन आणि आपली परंपरा' हा एक विषय घालून घेतला. तुम्ही मेंढरांत वाढलात आणि शाळेत पिकलात, तेव्हा मेंढ्यांवर पंचवीस प्रश्न तुम्हीच काढून पाठवा. कातरणी, लोकर, पाऊलवाटा, आजारपण, काहीही. अट एकच, जतकडच्या एकोणसाठ वर्षांच्या माणसाला झोपेतून उठवून विचारले तरी आले पाहिजेत, आणि साताऱ्याच्या प्रेस शॉपला जन्मात येता कामा नयेत.

तिसरा ता. क. याला कुणी पेपर फोडणं म्हणणार नाही, कारण मी ज्ञानूला एक अक्षर सांगणार नाही. तो बोलतच नाही माझ्याशी. तरीपण प्रश्नांच्या कागदाची एक जादा प्रत वेगळ्या पाकिटात घालून पाठवा. ती मी डब्यात ठेवीन. रोज तपासतोच आहे, तर सापडेल त्याला.