दोन कपाटांमधली भिंत

कोचकोर, ४ एप्रिल १९८६

ती. तालंतदादास,
जिपारचा सलाम.

तू मामा झालास! बाळ गुटगुटीत आहे, आणि सध्या एसेनच्या सुटकेसमध्ये झोपतो. झाकण मिटू नये म्हणून दोरीने बांधून ठेवलंय. पाळणा बाळाच्या आजोळहून यायचा असतो आणि सासूबाई रोज विचारतात, तुझं माहेर कुठल्या बसने निघालंय? मी काय सांगू? कॉलेज सोडून एसेनसारख्या ट्रक ड्रायव्हरशी लग्न केलं म्हणून आईने तीन वर्षांत मला एक ओळ लिहिली नाही. लग्नात आईने लेकीला शिवून द्यायच्या रजयाही दिल्या नाहीत. आता शेजारीण तिचा जुना पाळणा देतेय, तो बघून मला रडू येतं. आईला विचार ना. पाळणा नसला तरी चालेल, ती आली तरी पुरे.

वहिनीला सलाम. लोभ आटू देऊ नकोस.
जिपार

फ्रुंझे, १२ एप्रिल

चि. जिपारला,
आशीर्वाद.

तुझं पत्र आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, मला मुलगी नाही, चहा ओत. या बाईपुढे कोण डोकं फोडणार!

इथे घराची दुरुस्ती काढून मी पस्तावलोय. न्हाणीघरात सिमेंट, आंघोळ शेजाऱ्यांकडे. लाल रंगाचा डबा उघडण्याआधीच गायब झाला, त्यावरून तुझ्या बुरुलवहिनीशी भांडण. पॅसेजच्या भिंतीतली दोन कपाटं आठवतात ना? डावं आमचं, उजवं आईचं, आणि त्याची किल्ली तिच्या कमरेला. आत काय, तर म्हणते बाबांचे जुने बूट. बुटांना एवढी जागा आणि तुझ्या वहिनीचे कोट खिळ्याला! येत्या रविवारी आई मावशीकडे गेली की मधली भिंत पाडून एकच कपाट करणार. ओरडली तर ओरडू दे.

बाळाला पापा.
तालंत

फ्रुंझे, २१ एप्रिल

चि. जिपारला,
आशीर्वाद.

पाडली एकदाची. दोन घावांत भिंत खाली आली आणि पाठोपाठ रजयांचा ढीग माझ्या अंगावर. बूट एकही नाही. छतापर्यंत नव्या रजया, तुझ्या आवडत्या हिरव्या मखमलीच्या, आणि आता त्या सगळ्यांवर विटांची धूळ. त्यांच्या मागे पाळणा, लाल रंगवलेला. हाताला रंग लागला माझ्या! डबा कुठे गेला ते तेव्हा कळलं.

तेवढ्यात आई दारात. बसच आली नाही म्हणून परतली होती. मला वाटलं रडेल. तिने झाडू उचलला आणि माझ्याच पाठीत घातला. जिपारला एक अक्षर कळवायचं नाही म्हणून बजावलंय. तिचं ऐकून ऐकून मी थकलो, म्हणून लगेच लिहितोय.

पाठ दुखते आहे. माया आहेच.
तालंत

फ्रुंझे, २२ एप्रिल

जिपारला,

तुझ्या भावाला अक्कल नाही. त्याने तुला कळवलं असणारच, त्याच्या पोटात काही राहत नाही. माझ्या तीन वर्षांच्या शिवणावर त्याने विटा ओतल्या. या चौथ्या मजल्यावर एवढ्या रजया मी कुठे झटकू? तुझ्याकडे अंगण आहे. एसेनला शनिवारी ट्रक घेऊन पाठव. गाडी सांभाळून चालवतो असं ऐकते. रजया मागे टाकू, मी पुढे बसेन. पाळणा माझ्या मांडीवर राहील, ट्रकवाल्यांचा भरवसा नाही.

अंगणात दोऱ्या बांधून ठेव. शेजारणीचा पाळणा आजच्या आज परत कर. आणि पोराला सुटकेसमध्ये निजवतात? तो काय परगावी निघालाय?

कपाटाची किल्ली आता माझ्या काय कामाची! पाळण्याला बांधली आहे, बाळाला खुळखुळा होईल.

तुझी
आई